छातीवरचं नाव

ती. किसनमामांस, गोरक्षचा साष्टांग नमस्कार.

रविवारी मोशीच्या मैदानावर आपल्या पेंटबॉल लीगची शेवटची मॅच आहे. पुढच्या वर्षाला स्पॉन्सरच मिळाला नाही. कंपन्यांचे साहेब म्हणतात, "क्रिकेट असतं तर बघितलं असतं." तुम्ही कुठं असं म्हणाला होतात? चाकण मार्केटात कांद्याची आडत तुमची, तरी आम्हा पोरांच्या जर्सीवर छातीभर छापून दिलंत, 'किसनराव शेवकरी, आडतदार'. मॅचला पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसायचात.

ती फायनल आठवते? समोरून रंगाच्या गोळ्या सुटल्या आणि मी गर्रकन वळलो. पाठीवर पिवळा रंग फुटला, मी बाद झालो, मॅच गेली. पोरं शिव्या देत होती. तुम्ही मात्र उठून मला जवळ घेतलंत. "येड्यांनो, हरला म्हणून काय झालं? ह्यानं माझ्या नावाला डाग लागू दिला न्हाई!" त्या भरात आणखी तीन वर्षं लीग चालवलीत.

मामा, मी घाबरलो होतो. तुमचं नाव माझ्या ध्यानातसुद्धा नव्हतं.

आडत बंद करून तळेगावच्या घरी बसलात, तरी येईल त्याला तुम्ही अजून हाच किस्सा सांगता, म्हणून हे पत्र टाकायचं धाडस होणार नाही.

ती जर्सी काढून ठेवलीय. पोटावर घट्ट होते, तरी रविवारी तीच घालणार. तुमची खुर्ची पहिल्या रांगेतच ठेवायला सांगितलीय. या खेपेला मी वळणार नाही. नाव रंगानं भरलं, तर राग मानू नका.

तुमचा भाचा,
गोरक्ष