तुमचं कार्ड मी मारलं

उस्ताद, तुम्हाला लिहायचं लिहायचं म्हणत मी वर्षं घालवली. वही आणली की पेन सापडायचं नाही, पेन सापडलं की वहीची पानं कुणीतरी स्टोव्ह पेटवायला फाडलेली असायची, आणि दोन्ही हाताशी आलं की मीच उठून कुठंतरी निघून जायचो. नाशिकला गेलो, सुरतेला गेलो, मध्ये काही महिने ट्रकवर होतो. सुरतेत एकदा 'उस्ताद' एवढा एकच शब्द लिहिला आणि त्याच्याकडं बघत बसलो, मग भूक लागली म्हणून उठलो तो परत बसलोच नाही. वेळ नव्हता असं नाही. मला त्या एका दिवसापर्यंत यायचं नव्हतं. आत्ताही बघा, कसा लांबून लांबून फिरतोय.

आज चाकणला आहे. कांद्याच्या वखारीवर एक खोली आहे, तिथं. खाली कांदा निवडतात, त्याचा वास भिंतीत, अंथरुणात, माझ्या शर्टात मुरलाय. पहिले आठ दिवस डोळे झोंबले, आता वास येत नाही म्हणूनच भीती वाटते. दुपारची वेळ आहे आणि खरं तर मी भोसरीच्या शेडमध्ये असायला हवा होतो. तिथं कार्ड मारायचं घड्याळ नाही, नुसतं मस्टर आहे, आल्यावर सही करायची. सकाळी शेजारी काम करणारा एक जण म्हणाला, "भावा, उद्या माझी पण सही ठोकून टाक. मेव्हण्याच्या हळदीला जायचंय." मी नाही म्हणालो. तो हसला. "अरे राव, तुझ्या बापाचं काय जातंय?" तेवढ्यावर मी त्याची कॉलर धरली. सगळी शेड काम सोडून बघायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यानं सकाळी सकाळीच लावलेली दिसतीय." लावली नव्हती. म्हणजे काल घेतली होती, पण ते वेगळं. मी कॉलर सोडली, चप्पल घातली आणि चालत सुटलो. मग म्हटलं, आता लिहू.

तुम्हाला आठवत असेल, मी दुष्काळाच्या सालात उस्मानाबादकडून आलो आणि आयटीआय अर्धी सोडून तुमच्या प्रेस शॉपला लागलो. पहिल्याच आठवड्यात पत्रा प्रेसच्या डायमध्ये, साच्यात, अडकला आणि मी तो काढायला हात आत घातला. तुम्ही मागून येऊन माझ्या मनगटावर अशी थप्पड मारलीत की दोन दिवस हात सुजला होता. "हात कंपनीचा न्हाई, आईचा हाय. तिला इचारून घालत जा." सगळे हसले. मला राग आला होता. संध्याकाळी तुम्ही मला घरी नेलंत, म्हणालात, "रागावला असंल तर जेवून रागाव." पिंपरीतली ती पत्र्याची खोली, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि काकी चुलीपाशी बसून सुकट परततायत. वास गल्लीच्या टोकापर्यंत. मी तिसरी भाकरी नको म्हणालो तर काकी म्हणाल्या, "का? तुमच्या गावाला दोनच खात्यात व्हय?" निघताना तुम्ही मला तुमची सहा इंची स्टीलची पट्टी दिलीत, वापरून वापरून कडेच्या रेघा पुसट झालेली. ती मी सुरतेत हरवली. विकली नाही, हरवलीच. कुणी विचारत नाही, तरी मी सांगत असतो.

तुमचं पिणं कुठून सुरू झालं ते शॉपमध्ये सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच कधी बोललं नाही. तुमच्या शेजारच्या प्रेसवर साताऱ्याचा एक जण होता. माल कमी निघतोय म्हणून सुपरवायझरनं त्याच्या मशीनचा गार्ड, हात आत जाऊ नये म्हणून असतो तो, काढायला सांगितला, आणि पाना तुमच्या हातात होता म्हणून तुम्ही काढलात. तिसऱ्या दिवशी त्याची तीन बोटं गेली. सुपरवायझर रात्री झोपत असेल. तुम्ही झोपेनासे झालात. मला एकदा चहाला म्हणालात, "घरी गेलो तरी प्रेस चालूच ऱ्हाती रं. खाली येतीय, वर जातीय. थोडी घेतली की थांबती." कंपनीच्या दवाखान्यात गेलात तर कंपाउंडरनं गुलाबी गोळी दिली आणि कामाला फिट म्हणून चिठ्ठी लिहिली. तेव्हा दारू उघड मिळायची नाही, नदीकाठच्या हातभट्टीवर मिळायची. आधी सुटल्यावर, मग कामावर येण्याआधी, मग डब्याबरोबर.

पिंपरीत मी शिकलेला पहिला शब्द 'सांभाळून घे' हा होता. उस्तादचे पाय लटपटतात, सांभाळून घे. उस्ताद आज डाय लावू शकत नाहीत, तू लाव, सांभाळून घे. स्क्रॅपच्या ढिगाऱ्यामागं गोणपाटं टाकून तुम्हाला तासभर झोपवायचं आणि सुपरवायझर आला की म्हणायचं, स्टोअरला गेलेत. आम्हाला वाटायचं आपण केवढी माया करतो. आणि सगळ्यात मोठी माया म्हणजे कार्ड. पावणेसातच्या आत आलात नाहीत की जो कुणी आधी असेल त्यानं तुमचं कार्ड रॅकमधून काढायचं, घड्याळात घालायचं, खटकन आवाज आला की पलीकडच्या, आत आलेल्यांच्या रॅकमध्ये लावून द्यायचं. तासा-दीड तासानं तुम्ही मागच्या फाटकातून यायचात. मी तर हे काम मागून घेतलं होतं. मी तुमचा चेला होतो ना.

साहेब लोकांनीही काही वाईट केलं असं म्हणता येत नाही, आणि तेच जास्त लागतं. लेबर ऑफिसरनं तुम्हाला बोलावलं तेव्हा तुमच्याबरोबर मी होतो, दाराशी. तो माणूस सज्जन होता. चष्मा काढून म्हणाला, "माझ्याकडं तीनच कागद आहेत. वॉर्निंग, चार्जशीट आणि घरी. दोन तुम्हाला देऊन झाले. चौथा कागद कंपनीनं छापलेलाच नाही, मी काय करू?" बाहेर युनियनचे पुढारी उभे होते, त्यांनी तुमच्या खांद्यावर हात टाकला. "उस्ताद, तिसरा कागद आम्ही निघू देत नाही. पण तुम्ही पण एकदम बंद करायची. अशी, नळ बंद केल्यासारखी. मर्द आहात का नाही?" तुम्ही मान डोलावलीत. मीही म्हणालो, एकदम बंद करा उस्ताद. मला काय कळत होतं? पण त्या सगळ्यांत कुणाला कळत होतं?

तुम्ही शनिवारी फोटोपुढं हात जोडून सोडलीत. रविवारी मी आलो तर तुम्ही भिंतीला टेकून बसला होता, अंगावर घोंगडी आणि तरी कपाळावर घाम. चहाची बशी धरता येत नव्हती, काकींनी कप तोंडाला लावला. "बघ," तुम्ही मला म्हणालात, "हात कसं नाचायल्यात. हळदीला चाललेत जनू." हसलात. काकी हसल्या नाहीत. मला हळूच म्हणाल्या, "रातभर कुनाशी तरी बोलत हुते. भिंतीतून बोटं बाहेर येत्यात म्हंत्यात." मी म्हणालो, उतरतीय काकी, दोन दिवस त्रास व्हायचाच. हे मी इतक्या खात्रीनं म्हणालो की त्यांचा चेहरा जरा निवळला.

सोमवारी मी साडेसहाला टाइम ऑफिसपाशी उभा आहे. घोळक्या-घोळक्यानं लोक येतायत, तुम्ही नाही. पावणेसातला दोन मिनिटं उरली. माझ्या मनात काय आलं ते सांगतो, कारण तेच सांगायला हे पत्र आहे. मला वाटलं, प्यायले. दोन दिवसही दम निघाला नाही. मला तुमची कीव आली, आणि कीव आली की माणूस आपल्याला मोठा समजतो. मी तुमचं कार्ड काढलं आणि मारलं.

दहाच्या सुमाराला गेटवरच्या शिपायानं तुमचा डबा आत आणून दिला. "उस्तादचा. बाई आलती गेटवर, लई घाबरलेली. म्हनली आमचं मानूस नीट पोचलं का, सकाळी डबा न घेताच गेलं, पिलेलं न्हवतं तरी चालताना झोकांड्या जात हुत्या. मी रॅक बघितली. म्हनलं, कार्ड हाय की आत, कामाव हाय तुमचा मानूस. तवा कुठं घरी गेली." डबा गरम होता. तो मी दोन्ही हातांनी धरून उभा होतो. त्या वेळी मला सगळं माहीत होतं, उस्ताद. तुम्ही आत नाही हे माहीत होतं. प्यायलेला माणूस झोकांड्या खातो, पण तुम्ही घरून निघताना प्यायला नव्हता, हे काकी सांगत होत्या आणि काकींना वास कळायचा. गेट शंभर पावलांवर होतं. धावत गेलो असतो तर काकी कोपऱ्यावरच असत्या. पण मग सांगावं लागलं असतं की कार्ड कुणी मारलं. तुमचा तिसरा कागद निघाला असता, आणि माझा पहिला आणि शेवटचा. मी स्वतःला म्हणालो, सांभाळून घे. डबा तुमच्या लॉकरवर ठेवला आणि मशीन चालू केली. तीन वाजता सुटताना तुमचं कार्ड परत मारलं, बाहेर जाण्याचं.

तुम्ही सापडलात संध्याकाळी, रेल्वेच्या साइडिंगमागच्या घाणेरीच्या झुडपात. झटके येऊन पडला होता. जीभ चावली गेली होती. हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी संपलात. तिथला डॉक्टर तरुण होता, चिडला होता कुणावर तरी. म्हणाला, "दारूचा वास नाही, काही नाही. इतकी वर्षं पिणाऱ्यानं अशी एकदम सोडायची नसते, इथं ठेवून सोडवावी लागते. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?" आणि मग, "सकाळी दहा-अकरापर्यंत आणलं असतं तरी बघता आलं असतं." काकी शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पर दहाला तर ते कामाव हुते. मी इचारून आले ना." डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं बघितलं.

लेबर ऑफिसरनं मला बोलावलं. टेबलावर तुमचं कार्ड होतं, त्या दिवसाचे दोन शिक्के ठळक. पूर्ण आठ तास हजर. त्यानं ते उलटून पालटून बघितलं. मी वाट बघत होतो, खरंच सांगतो, मी कागदाची वाट बघत होतो. कोणताही, तिन्हीतला. त्यानं ड्रॉवर उघडला, कार्ड आत टाकलं आणि म्हणाला, "माणूसच गेला, आता काय. जा कामावर." शॉपमध्येही सगळ्यांना अंदाज होता. मलाही सांभाळून घेतलं. महिनाभरानं मी जो निघालो तो कुठंच टिकलो नाही. जिथं जातो तिथं बरी माणसं भेटतात आणि मला त्यांचीच भीती वाटते. मीही घेतो आता. कशाला लपवू. तुमच्या कानात प्रेस चालायची, माझ्या कानात ते घड्याळ वाजतं, एकदाच, खटकन, आणि मग दिवसभर काहीच नाही.

काकी त्यानंतर भावाकडं नगरला गेल्या असं ऐकलं होतं. त्यांना अजून वाटतं की तुम्ही त्या दिवशी आठ तास काम केलंत, सुटल्यावर कुठंतरी गेलात आणि पडलात. म्हणजे सुटल्यावर पुन्हा प्यायला गेला असाल, हाही संशय त्यांच्या मनात असणारच. तुम्ही शब्द पाळलात. पाळता पाळता मेलात. हे जगात त्यांना सांगू शकेल असा मी एकटा आहे, आणि मी तुम्हाला लिहीत बसलोय, तुम्हाला जे सगळं आधीच माहीत आहे.

थांबा, खालून वखारीची मालकीण हाक मारतीय. "अवो वरचं! तुमच्याकडं कुनी बाई आल्यात. पिंपरीच्या उस्तादांच्या घरनं म्हंत्यात." माझा पत्ता त्यांना कुणी दिला? भोसरीत मला बघितलेला जुन्या शॉपमधला कुणीतरी त्यांना भेटला असेल. त्या जिना चढतायत, मधल्या पायरीवर दम खायला थांबल्यात. उस्ताद, एकच गोष्ट राहिली. मी इतकी वर्षं सगळ्यांना आणि स्वतःला सांगत आलो की मी काकींना लिहिलं असतं, पण त्यांना वाचता येत नाही. त्यांना वाचता येतं. विहारातल्या वर्गात त्या शिकल्या होत्या, माझ्या देखत.