दोन सीटांची गाडी

पुलाची छावणी,
ता. ४ मार्च

चि. खारूस,
आशीर्वाद. एरवी ‘अनेक उत्तम’ लिहितो; आज त्यातले निम्मे राखून ठेवलेत. गाडी पहिल्यासारखी झाल्याचं कळलं की पाठवीन.

मावशीचं पत्र काल आलं. चार ओळी प्रकृतीच्या, आणि पाचवीत अगदी सहज लिहिलंय की तू बाबांच्या गाडीचं इंजिन बाहेर काढलंस आणि कुठल्याशा आपटलेल्या मोटारीचं थोराड इंजिन तिच्यात कोंबायला निघालीस. मी खांबाच्या मचाणावर उभा राहून वाचत होतो. हातातला चहा पेल्यासकट नदीत गेला.

बाबांना जाऊन अजून दोन वर्षं झाली नाहीत! ती बुटकी लाल गाडी त्यांनी तळहाताच्या फोडासारखी जपली. तिचा आवाज जरा बदलला तरी जेवणावरून उठून जायचे. आणि तू मला एका अक्षराने न विचारता तिचं काळीज उपटलंस? बॉनेटला भोक पाडलंस हे खरं का? अगं, पुढे वजन वाढलं की ते जुने ब्रेक काय करणार आहेत? कारखान्यात लेथ चालवतेस म्हणून काहीही कापायचा परवाना मिळाला का तुला?

काम थांबव. जुनं इंजिन कुणाला देऊन टाकलं नसशील अशी आशा करतो. आईला सांभाळ, हे सगळं बघून तिला काय वाटत असेल, या विचाराने मला जेवण जात नाही.

रागावलेला, तरीही तुझाच,
दादा


घर,
ता. १३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. (साष्टांग घालायला गॅरेजमध्ये जागा नाही, म्हणून उभ्यानेच.)

तुझं पत्र वाचून हसू की भांडू कळेना. भांडायचं ठरवलंय.

आधी कामाचं. हो, बॉनेट कापलं. नव्या इंजिनाचा कार्बोरेटर चार बोटं उंच आहे, आणि बॉनेट मिटत नाही म्हणून गाडीवर पातेलं पालथं घालून फिरणार नव्हते. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी जाड प्लेट मी स्वतः लेथवर काढली, तीनदा फुकट गेली, चौथ्यांदा बसली. पुढचे ब्रेक नवे आणि मोठे घातलेत, स्प्रिंगा जाड घातल्यात, रेडिएटर बदललाय. इंजिन धरणारं जुनं ब्रॅकेट एकही कापलेलं नाही. जुनं इंजिन फळ्यांवर ठेवलंय, आईने त्यावर चादरसुद्धा घातलीय. तुझं जेवण चालू कर.

आता तुझ्या रागाचं. कुणासाठी चाललंय हे सगळं, असं तुला वाटतं? माझ्यासाठी? आईने सांगितलं मला. हो, आपल्या आईने. पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर त्या गाडीतून जायचंय तिला. बाबा नेहमी काय म्हणायचे आठवतं ना, की इंजिन लहान आहे, दोन मोठ्या माणसांचा भार चढावर पेलणार नाही. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तिला नवी साडी नेसवून चढाच्या पायथ्यापर्यंत नेलं, काट्याकडे बोट दाखवून गाडी तापली म्हणाले आणि वळवून घरी आणलं. त्या गाडीचं कापडी छत आईने शिवलं, दोन्ही सीटांची कव्हरं तिने शिवली, आणि त्या सीटवर बसून ती एरवी बाजारापलीकडे कधी गेली नाही. म्हणून मोठं इंजिन. आता बोल.

मी तर बाजारापर्यंतही गेले नाही. मी दिवा धरायचे आणि पाने-पकडी द्यायचे. ते राहू दे.

पुढचं पत्र माणसासारखं लिही. माया आहेच, ती वाढवायची की नाही ते तुझ्या हातात.
खारू


पुलाची छावणी,
ता. २२ मार्च

चि. खारूस,
आशीर्वाद पाऊणपर्यंत वाढवले आहेत, ब्रेकबद्दल.

पण त्या इंजिनाला लहान म्हणालेलं मी ऐकून घेणार नाही! कोण म्हणतं दोघांचा भार पेलणार नाही? दर रविवारी सकाळी बाबा आणि मी कुठे जात होतो असं वाटलं तुला? बाजारात? टाकीच्या टेकडीवर! मी शाळेत होतो तेव्हापासून. नोकरी लागली त्या वर्षी माझं वजन ब्याऐंशी किलो होतं, बाबा माझ्याहून जड, पाठीमागे हत्यारांची पेटी, शिवाय टाकीवरच्या पहारेकऱ्यासाठी बाबांनी घेतलेली लोखंडी खुर्ची. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी अशी वर गेली की वाटेत बस मागे टाकली आम्ही. काटा जागचा हलला नाही. अशा इंजिनाला तुम्ही दोघींनी अडगळीत टाकलंत!

हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव. आपल्या नवऱ्याची गाडी काय चीज होती ते तिलाही कळू दे.

काळजी घे, बोटं सांभाळ.
दादा


घर,
ता. १ एप्रिल

ती. दादास,
नमस्कार.

वाचून दाखवलं. तू सांगितलंस म्हणून, शब्द न् शब्द. खुर्चीपर्यंत आले तेव्हा मी काय वाचतेय ते माझ्याच लक्षात आलं, पण तोवर आईने शिवणयंत्र थांबवलं होतं.

ब्याऐंशी किलो ही ओळ परत वाच म्हणाली. मी वाचली. मग उठून गॅरेजमध्ये गेली, जुन्या इंजिनावरची चादर ओढून काढली, नीट घडी घातली आणि मला सांगितलं की हेच परत बसव.

नवं इंजिन बसवून झालं होतं, दादा. बुधवारी पहिल्यांदा चालू केलं, एका झटक्यात सुरू झालं, फळीवरचे डबे थरथरले. तीन महिन्यांचं काम. तेही मी तिला सांगितलं. ती म्हणाली की काम फुकट जाणार नाही, पण आधी जुनं. आजपासून नटबोल्ट उलटे फिरवतेय. तुझ्यावर एवढी चिडलेय की पुढचं लिहीत नाही.
खारू


घर,
ता. २१ एप्रिल

चि. बाळास,
आईचे अ. उ. आ. पूर्ण आहेत, मोजून घे.

काल आम्ही दोघी टेकडीवर जाऊन आलो. जुन्या इंजिनावर. खारू चालवत होती. चढाच्या पायथ्याशी, ज्या वळणावर तुझ्या बाबांनी गाडी फिरवली होती, तिथे मी डोळे त्या काट्यावर लावले. म्हटलं, आता तापेल, आता तापेल. देवाशप्पथ सांगते, तापावी असंच वाटत होतं. मग तो माणूस खरा ठरला असता. पण काटा हलला नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, न कुरकुरता, गाडी वर गेली.

वर टाकीचा पहारेकरी त्या लोखंडी खुर्चीवर बसला होता. गाडी बघून उठला, साहेब गेल्याचं ऐकून हळहळला. मग मला म्हणाला की ताई, तुम्ही कशा आलात, तुम्हाला तर वाऱ्याने चक्कर येते ना, साहेब नेहमी सांगायचे. मला! उभ्या आयुष्यात मला चक्कर आली नाही. गाडीवर इंजिनाचं खोटं आणि माझ्यावर चकरेचं. एकटं जायचं होतं तर तसं सांगायचं होतं ना सरळ. मी काही गळ्यात पडून रडले नसते. कधीतरी, वर्षातून एकदा, तेवढंच मागितलं होतं.

तिथून सगळं गाव दिसतं. आपली गच्ची दिसते, वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसतात. म्हणजे रविवारी सकाळी मीही दिसत असेन. हे तू मला कधी सांगितलं नाहीस. शाळेत होतास तोवरचं माफ आहे. पण नोकरीला लागल्यावर एकदा तरी उतरून म्हणायचं होतंस, की आज आईला बसवा. तुझ्या बाबांवर रागावून आता उपयोग नाही, म्हणून हे तुला लिहितेय. वाईट वाटून घे. जेवण मात्र सोडू नकोस.

खारूला म्हटलं, आता तुझं मोठं इंजिन घाल. जुन्याची परीक्षा झाली, ते पास झालं, मला त्याचं तोंड बघायचं नाही. ती शिट्टी वाजवत कामाला लागलीय.

तू पुढच्या महिन्यात येतोयस ना? स्टेशनवर आम्ही दोघी गाडी घेऊन येऊ. तुला डोळे भरून बघू, आणि पुढे निघू. सीटा दोनच आहेत. तू सामान घेऊन मागून चालत ये.

तुझी,
आई