लाल चिठ्ठ्या

मंगळवार, ९ जुलै

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघी ठीक आहोत. पत्र असंच सुरू करायचं असतं म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढे आहे.

तुझा मेसेज मिळाला, आईचं तिकीटही मिळालं. फोन सोडून पत्र कसलं लिहितेय ही, असं तुला वाटेल. पण फोनवर बोलायचं तर आई समोर बसलेली असते, आणि मेसेज तू दोन उड्डाणांच्या मध्ये चालता चालता वाचतोस. पत्र बसून वाचावं लागतं.

वहिनी पुन्हा कामावर रुजू होणार, हे बरं झालं. छोटा चालायला लागला, त्याचा फोटो मी कामावर, हँगरमध्ये सगळ्यांना दाखवला. अगदी तुझ्यावर गेलाय म्हणाले. आपल्या घरात जे जे चांगलं असतं ते तुझ्यावरच जातं.

इकडे नवीन काही नाही. कोपऱ्यातलं विमान अजून तिथंच उभं आहे. आमच्यात त्याला सगळे म्हातारी म्हणतात. आली होती किरकोळ दुरुस्तीला. एक सुटा भाग बाहेरून यायचा होता, तो काही येईना. तेवढ्यात दुसऱ्या विमानाचा इंधनपंप गेला. साहेब म्हणाले, "म्हातारी रिकामीच उभी आहे, तिचा काढून लावा. देऊ की परत." मग ब्रेक गेले, पुढची काच गेली, शेवटी दोन्ही इंजिनं गेली. पुढचं वजन गेल्यावर ती शेपटीवर बसू नये म्हणून शेपटीखाली खांब लावलाय. कुणी पाहुणा आला आणि "ही कधी उडणार?" म्हणून विचारलं की फोरमनकाका गंभीर चेहरा करून सांगतात, "वारा जोराचा सुटला की."

पण आमच्या धंद्यात एक रीत आहे. भाग काढला की त्या जागी लाल चिठ्ठी बांधावीच लागते. काय काढलं आणि कुठल्या विमानाला बसवलं, ते तिच्यावर लिहायचं. म्हातारीच्या अंगावर आता नुसत्या लाल चिठ्ठ्या लोंबतात. भाग परत कुणी देत नाही, पण इथं काहीतरी होतं, एवढं तरी कबूल केलेलं असतं.

वैमानिकाच्या प्रवेशपरीक्षेत आपण दोघंही पास झालो होतो, हे वहिनीला कधी सांगितलंयस का? सहज विचारते. "आधी दादा, मग ठमी," असं बाबा म्हणाले होते. तुझं शिक्षण होईतो बाबांनी अंथरूण धरलं, घरात कुणीतरी हवं होतं, आणि तू तर उडायला लागला होतास. काम मला आवडतं, तक्रार कामाची नाही. माझ्या सहीशिवाय विमान हलत नाही, आणि कुणी कितीही डोळे वटारले तरी मी आजवर खोटी सही केलेली नाही.

विमानावर केलेली नाही, असं म्हणायला हवं.

तू लिहिलंयस, "आई एकदम फिट आहे. दर रविवारी बोलतो ना मी. हल्ली तर पूर्वीपेक्षा नीट, मोजकं बोलते." मोजकं बोलते, कारण तेवढंच मी सांगते. रविवारी तुझा फोन वाजला की मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसते. तू विचारतोस, "गुडघा कसा आहे?" मी नुसते ओठ हलवते, "बरा आहे." ती म्हणते, "बरा आहे." तू विचारतोस, "जेवलीस का?" मी मान हलवते. छोट्याचं नाव मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्यासमोर धरते. ती वाचते, आणि तू वहिनीला ओरडून सांगतोस, "बघ, नातवाची आठवण काढतेय!"

तिला विसरण्याचा आजार आहे, दादा. डॉक्टरांनी नाव सांगितलंय आणि तो उलटा फिरत नाही, हेही सांगितलंय. सुरुवातीला तिला स्वतःलाच कळलं होतं. तेव्हा तिनं माझा हात धरून बजावलं, "दादाला बोलू नकोस हं. तो विमान चालवतो. त्याचं डोकं शांत पाहिजे." त्या विमानाची चाकं घट्ट करणारीचं डोकं कसंही असलं तरी चालतं. मी हो म्हटलं, आणि तेव्हापासून दर रविवारी तिच्यावर सही करत आले. उडायला योग्य.

आता तू तिला एकटीला विमानात बसवणार. चाकांच्या खुर्चीवरून नेतील, खुर्चीवरून उतरवतील, आणि विमान तू स्वतः उडवणार, माइकवरून सगळ्यांना सांगणार की आज माझी आई प्रवासात आहे. दादा, परवा ती बसमध्ये चालत्या गाडीतच उठली आणि दार शोधू लागली. म्हणाली, आपलं घर आलं. तुझ्या माइकवरचा आवाज ऐकून तिला कोण बोलतंय ते कळणार नाही. आणि त्यानंतर तू आणि वहिनी छोट्याला तिच्यावर सोपवून कामाला जाणार. गेल्या आठवड्यात तिनं गॅस सुरू केला आणि पेटवायचं विसरून झोपली. मी कामावरून आले तेव्हा जिन्यापर्यंत वास येत होता. आता मी निघताना गॅस खालून बंद करते, शेजारच्या वहिनी दुपारी येऊन बसतात.

एवढं सांगून थांबणार होते. पण मागच्या शनिवारचं सांगितलं नाही तर हे पत्र अर्धं राहील.

मी तिची नखं कापत होते. मी जन्मल्यापासून तीही तुला दादाच म्हणते, तुला माहीत आहे. तर ती मला म्हणाली, "दादा, सावकाश रे."

मला वाटलं, जीभ घसरली. मग म्हणाली, "तू किती करतोस माझं. आंघोळ घालतोस, केस विंचरतोस. लोकांची मुलं बघ, फिरकत नाहीत."

मी विचारलं, "आणि ठमी?"

"ती कुठली येतेय! ती रागावलीय."

"कशावरून?"

"सगळं तुला दिलं ना आम्ही. तिचंसुद्धा."

दादा, इतक्या वर्षांत हे वाक्य या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं, आणि तेही तुला सांगितलं गेलं. मी नेलकटर बाजूला ठेवलं. म्हटलं, "हो. रागावलीय ती."

आई दुसरा हात पुढे करून म्हणाली, "असू दे. ती काय, कशीही राहील. तुझं तेवढं नीट व्हायला हवं."

मी दुसऱ्या हाताची नखं कापली.

आता इतकी वर्षं मी केलेलंही माझ्यावरून काढून तुला बसवलंय. त्याच्या जागी चिठ्ठी नको का? हीच समज.

तिकीट रद्द कर. ही सही माझ्याच्यानं होणार नाही. वहिनीला खरं सांग आणि छोट्यासाठी दुसरी सोय बघ. आईला न्यायचं असेल तर तू ये, इथं महिनाभर राहा, आंघोळ कशी घालायची ते शिक. मग ने. मी अडवणार नाही. अडवावंसं वाटतं, आणि तिला सुटकेस भरून निरोप द्यावासाही वाटतो. दोन्ही खरं आहे.

येत्या रविवारी फोन कर. मी स्टुलावर बसणार नाही. फोन तिच्या हातात देऊन गॅलरीत जाऊन उभी राहीन. ती विचारेल, कोण बोलतंय. तेव्हा 'दादा' असं सांगू नकोस. ती गोंधळेल. दादा तिच्याजवळच असतो.

सध्या तुझ्या जागी असलेली,
ठमी