तीन नंबरच्या रोलरचा मालक

२ जून, सोमवार

आले एकदाची. वहिनीने माझ्यासाठी मागची खोली रिकामी केली आहे, म्हणजे तिथला सगळा पसारा पलंगाखाली सारला आहे. वाकून बघायचं नाही, असं तिने आल्याआल्याच बजावलं. मला काय, खिडकी आहे, टेबल आहे, झालं. उद्यापासून दादा कामाला आहे त्याच लाँड्रीत ट्रेनिंग. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुऊन, इस्त्री होऊन जातात. कामात कुठे काय बिघडू शकतं ते आधीच हेरायचं, त्या धोक्याला गुण द्यायचे, उपाय सुचवायचा, हे मला शिकायचं आहे. पास झाले तर तिथेच कायमची नोकरी. दादा म्हणाला, लहानपणापासून दुसऱ्याच्या कामात खोट काढतेस, आता निदान त्याचा पगार तरी मिळेल. वहिनीला ठसका लागेपर्यंत हसलो.

४ जून, बुधवार

शिकवणारे सर बाहेरून नेमलेले सल्लागार आहेत. शर्टाला सुरकुती म्हणून नाही. इथे प्रत्येकाला स्वतःचा एक पितळी बिल्ला मिळतो, मलाही मिळाला. ट्रेनिंगची खोली वरच्या मजल्यावर, काचेतून खालचा सगळा कारभार दिसतो. भिंतीवर एक मोठा फळा आहे आणि त्यावर प्रत्येक मशीनचा एक खिळा. ज्याने त्या मशीनच्या धोक्याची जबाबदारी घेतली, त्याचा बिल्ला त्या खिळ्यावर लटकतो. सर त्याला धोक्याचा मालक म्हणतात.

माझ्या वाट्याला तीन नंबरचा इस्त्री-रोलर आला. नवा आहे, खिळा अजून रिकामा. इकडून ओली चादर आत द्यायची, तिकडून ती कडक होऊन बाहेर येते. चादरीबरोबर हात आत ओढला गेला तर संपलंच, म्हणून डोक्यावर मशीन थांबवायची लाल दोरी आहे. रोलरवर सगळे पाळीपाळीने उभे राहतात. रोज कोणाचं बोट भाजतं, कोणाची बाही अडकते. फार मोठं काही नाही.

६ जून, शुक्रवार

डोकं उठलंय नुसतं. गुण बरोबर, उपाय बरोबर, घोडं अडलंय मालकापाशी. मी ‘इस्त्री विभाग’ म्हटलं. सर म्हणाले, विभागाला हात नसतात. मी ‘पाळीचा सुपरवायझर’ म्हटलं. ते म्हणाले, ती खुर्ची झाली, माणूस कुठाय? मॅनेजर म्हटलं, तर ते मशीनपाशी कधी उभे तरी राहतात का, असं मलाच विचारलं. तीनदा परत पाठवलं मला, आणि आवाज असा गोड की जीव घ्यावासा वाटतो.

शेवटी तणतणत खाली गेले. दादा चहा पीत होता. त्याने खिशावरचा बिल्ला काढून माझ्या हातात दिला. लटकव जा, म्हणाला, माझ्यापायी तुझं पास होणं अडायला नको. मी लटकवला. सर पहिल्यांदाच हसले.

९ जून, सोमवार

दादाची बाही रोलरमध्ये गेली. तो रोलरवर कामालाही नव्हता, नुसता शेजारून चालला होता. मावशींनी लाल दोरी ओढली म्हणून वाचला. मावशी म्हणजे पलीकडच्या बाजूला घड्या घालणाऱ्या. मशीनने मालकाला ओळखलं वाटतं, असं म्हणून दादाने सगळ्यांना हसवलं. मला नाही हसू आलं.

बाकी कोणालाही आज साधा चटकासुद्धा बसला नाही. सर म्हणाले, बघा, मालक ठरला की फरक पडतो.

१० जून, मंगळवार

रोलर बंद होता. स्वतः बघितलं मी, बटण बंद होतं. दादा तो पुसायला गेला आणि रोलर फिरला. तळहातावर लांबलचक चट्टा उठलाय. त्याच्या आधी तिथे दोघं गप्पा मारत, न बघता चादरी आत देत होते. त्यांना काही नाही.

मावशींना विचारलं, ड्रायरच्या खिळ्यावर कोणाचा बिल्ला आहे. म्हणाल्या, होता एक चांगला माणूस, ड्रायरमध्येच गेला बिचारा. बिल्ला कोणी काढला नाही. त्याच्यानंतर मात्र ड्रायरने कोणाच्या केसालाही धक्का लावलेला नाही.

११ जून, बुधवार

सरांशी कडाक्याचं भांडले. बिल्ला काढा म्हटलं. शांतपणे म्हणाले, मालकाशिवाय धोका ठेवता येत नाही, दुसऱ्या कोणाचा बिल्ला लागला तरच बदल होतो. मी म्हटलं, मग तुमचा लावा. त्यांनी कोरा खिसा दाखवला. सल्लागाराला बिल्ला नसतो.

आता कळतंय मला. आधी तो धोका सगळ्यांचा होता. थोडा थोडा सगळ्यांना चावायचा. आता त्याला एकच माणूस ठाऊक आहे. आणि ती ओळख मी करून दिली. पास होण्यासाठी. चीड येते स्वतःची.

१२ जून, गुरुवार

दादा आज घरीच, मीही गेले नाही. दुपारी वहिनीची किंकाळी ऐकून धावले. तो झोपला होता आणि अंगावरची चादर त्याच्या हाताला खांद्यापर्यंत घट्ट गुंडाळली गेली होती. चादर गरम होती. ओढत होती — कुठे, देव जाणे, भिंतीकडे. मी आणि वहिनीने मिळून हात सोडवला. खोलीभर खळीचा वास.

दादा आता थट्टा करत नाही. वहिनी माझ्याकडे बघतही नाही.

१३ जून, शुक्रवार

ट्रेनिंगच्या खोलीत मावशींचा बिल्ला टेबलावर पडला होता. उचलला. खिळ्यापर्यंत नेला. त्या खाली घड्या घालत होत्या, मान वर करून माझ्याकडे बघून हसल्या.

ठेवला परत. माझा लावला.

सर म्हणाले, पास.

१४ जून, शनिवार

दादा शीळ घालत कामाला गेला. रोलरपाशी दिवसभर उभा होता, काही झालं नाही. वहिनीने मला आपणहून जेवायला वाढलं. इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

परतताना ओढणी कशात तरी अडकली. मागे काहीच नव्हतं. मोकळा रस्ता.

अंथरुणावरची चादर काढून पलंगाखालच्या पसाऱ्यात कोंबली. जमिनीवर झोपेन.

१५ जून, रविवार

डाव्या हाताने लिहितेय. उजवा — नको.

दादाचा बिल्ला मी त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला होता. त्याला आत्ता सापडला. सगळं समजलं त्याला. बाहेर वहिनीशी भांडतोय. लाँड्रीत जातो म्हणतो, आत्ताच्या आत्ता, बदलून येतो म्हणतो —

उठता येत नाही. पलंगाखालून चादर बाहेर आली आहे. पायाला — गरम —

हाक मारली. आवाज फुटत नाही. तो बूट घालतोय.

दादा, वही इथेच टेबलावर ठेवते. जाऊ नकोस. माझा बिल्ला राहू दे. ड्रायरचं आठव, माणूस गेला की मशीन शांत होतं, मग कोणालाच — तू रोज तिथे उभा राहतोस, तुला काही होणार नाही, फक्त माझा बिल्ला खिळ्यावरून काढू न