नेरेओचं नाव कोणी पुकारलं

सान लुकास, ओआहाका
१४ जून २००९

चि. ओब्दुलियास अ. उ. आ.

आशीर्वाद कसले, खरं तर तुझ्या पाठीत दोन धपाटे घालायला हवेत. परवा सकाळी मी मका दळायला बसले तर दारात अकरा बायका. कोणाच्या हातात मेणबत्त्या, कोणाच्या पांढरी फुलं, कोणी मक्याचं गाठोडं, कोणी कॉफी नि साखर घेऊन आलेली. सगळ्यांच्या पुढे शेजारची प्लासिदा, डोळे आधीच पुसून लाल केलेले. म्हणाली, फिदेन्सिया, नऊ दिवसांची प्रार्थना कधीपासून धरायची? मी विचारलं, कोणाची गं? तर सगळ्या आपापल्या चपलांकडे बघायला लागल्या.

मग कळलं. प्लासिदाचा पुतण्या तुझ्याच तुसॉन शहरात राहतो. त्याने फोनवर सांगितलं की चोरून सीमा ओलांडताना वाळवंटात मेलेल्यांसाठी तिकडे लोक चालत होते, त्यांत ओब्दुलियाही होती, आणि तिने भर रस्त्यात नेरेओचं नाव पुकारलं. तिथे म्हणे मेलेल्यांचीच नावं पुकारतात.

माझा मुलगा मेला हे मला शेजारणींनी येऊन सांगावं? तो उत्तरेला निघाला त्याला या महिन्यात तीन वर्षं झाली, तेव्हापासून खबर नाही. मृतांच्या सणाला मी सगळ्यांचे फोटो मांडते, आईचा, बाबांचा, त्याच्या बापाचासुद्धा. त्याचा नाही मांडत. त्याचं अंथरूण दर रविवारी उन्हात घालते. हे सगळं तुला माहीत असून तू त्याला मारून मोकळी झालीस?

बायकांना मी परत पाठवलं. मेणबत्त्या ज्यांच्या त्यांना दिल्या. कॉफी तेवढी ठेवून घेतली, दारात आलेलं अन्न परत करणं बरं दिसत नाही, आणि कॉफी चांगली होती.

दुकानातल्या फोनवर यातलं काही बोलू नकोस, मागे सगळी रांग कान टवकारून उभी असते. काय ते लिही.

तुझ्यावर रागावलेली,
फिदेन्सिया


तुसॉन
३० जून २००९

ती. ताईस धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

धपाटे घाल, पाठ पुढे करते. पण आधी ऐकून घे. नेरेओ मेला असं मी कोणालाही सांगितलेलं नाही. माझी जीभ घसरली.

झालं असं. मी भांडी घासते त्या खाणावळीतली एक बाई दर मे महिन्यात आठवडाभर रजा घेते आणि लंगडत परत येते. मला वाटायचं, पोट भरल्याचे चाळे. दारात गाडी असताना चालायचं म्हणजे डोकं फिरलंय. यंदा तिने विचारलं की शेवटच्या दोन दिवसांसाठी मक्याच्या पानात उकडलेले तमाले करशील का. दोनशे केले. लोक सीमेपासून चालत येतात, सात दिवस, सव्वाशे किलोमीटर. वाटेत चौकी लागते आणि माझ्याकडे इथे राहायचे कागद नाहीत, म्हणून मी चौकीच्या अलीकडे, शहराच्या बाजूला जाऊन थांबले.

आणि ताई, ते आले. साठेक माणसं, एका ओळीत, प्रत्येकाच्या हातात लाकडाचा छोटा पांढरा क्रूस, त्यावर एका मेलेल्याचं नाव. ऊन असं की रस्ता हलताना दिसतो, आणि कोणी हूं की चूं करत नाही. एक सत्तरीची मास्तरीण होती. पायाला इतके फोड की तिने बुटांची टोकं कापून टाकली होती. मी म्हटलं, आजी, गाडीत बसा की. तर मला म्हणाली, ज्याचं नाव माझ्या हातात आहे त्याला कोणी गाडी दिली होती? मी तिला दोन तमाले जास्त वाढले. एक दाढीवाला पोरगा दुसऱ्यांचे फोड सुईने मोकळे करत बसलेला, स्वतःचे तसेच. यांच्यातल्या बहुतेकांचं कोणीही वाळवंटात मेलेलं नाही. तरी सात दिवस त्यांनी क्रूस जमिनीला टेकू दिला नाही. जेवताना एका हातात, झोपताना उशाशी कापडावर. मी कोणाला सहजासहजी चांगलं म्हणत नाही, माझ्या नवऱ्याला तर आजवर नाही. यांना म्हणते.

तमाले वाटून मी घरी येणार होते. पण एकाला ऊन लागलं, त्याला गाडीत झोपवलं, आणि त्याचा क्रूस मास्तरणीने सरळ माझ्या हातात दिला. त्यावर नाव नव्हतं. अनोळखी, एवढंच लिहिलेलं. मधेमधे थांबून एकेक जण आपल्या क्रूसवरचं नाव मोठ्याने पुकारतो आणि बाकीचे ओरडतात, हजर! माझी पाळी आली. अनोळखी म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं नेरेओ. बापाच्या नि तुझ्या, दोन्ही आडनावांसकट. साठ माणसं ओरडली, हजर. ताई, तीन वर्षांत त्याच्या नावाला कोणी ओ दिली नव्हती. मला तिथेच खाली बसायचं होतं. पण क्रूस टेकवायचा नव्हता, म्हणून खाली बसले नाही.

छपराचं काम आहे, ये, म्हणून त्याला मीच बोलावलं होतं. तू एकदाही ते तोंडावर आणलं नाहीस. शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

आता मुद्द्याचं. ज्यांची ओळख पटली नाही त्यांची हाडं इथे जपून ठेवतात. आईने तोंडातली लाळ कापसाच्या काडीवर दिली की जुळवून बघतात. ती घ्यायला माणसं २९ ऑगस्टला तुमच्या बाजारगावच्या चर्चमध्ये येणार आहेत. तू जा. किती वर्षं अंथरूण उन्हात घालशील?

माझ्यावरचा राग जाईपर्यंत तरी लोभ राहू दे.

तुझी,
ओब्दुलिया


सान लुकास
२१ जुलै २००९

चि. ओब्दुलियास अ. उ. आ.

पत्र पोचलं. राग गेला असं समजू नकोस, जुना थोडा उतरला आणि नवा चढला. त्या क्रूसवरचा पोरगा, पोरगी असेल तर पोरगी, आठवडाभर तुमच्याबरोबर आला. इतरांसारखी आपलीही पाळी येईल म्हणून. ती आली तेव्हा तू आपल्या भाच्याला पुढे सारलंस, लग्नाच्या पंगतीत घुसतेस तशी. पुढच्या वर्षी तोच क्रूस माग आणि त्याची हाक त्याला मार.

इकडचं मी निस्तरलं. प्लासिदाला बोलावून सांगितलं की नऊ दिवस धरू, पण नेरेओचे नाही. मग नाव कोणाचं घ्यायचं, असं तिने विचारलं. म्हटलं, नाव नाही, ज्याची आई अजून वाट बघते तो. बायका कुरकुरल्या, परक्याच्या पोरासाठी कोणी मका देतं का म्हणाल्या. पण नवव्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ओब्दुलिया, आपल्या गावातल्या आणखी सहा घरांची पोरं उत्तरेला जाऊन गप्प झालीत. मला पत्ताच नव्हता, कारण त्या सहाही जणी माझ्यासारख्याच मूग गिळून बसल्या होत्या. प्रार्थना संपल्यावर प्लासिदाची जाऊ उठली आणि तिने आपल्या मुलाचं नाव घेतलं. मग दुसरी उठली. बाकीच्यांनी हजर म्हटलं. मी नाही उठले. अजून नाही.

त्या मास्तरणीला सांग, इथे एक बाई तिच्या पायांसाठी रोज एक मेणबत्ती लावते. तिचं नाव कळव, म्हणजे नुसतं मास्तरीण मास्तरीण करायला नको.

लाळ द्यायला मी जाणार. सहाही जणी येतात, पिकअप ठरवली आहे. पण त्याआधी तुला एक विचारायचं आहे.

जुळलं तर ती हाडं पेटीत घालून, वर कागद चिकटवून विमानाने पाठवतात, असं प्लासिदाच्या पुतण्याने सांगितलं. मला माझा मुलगा सामानासारखा नको. तू त्याला तिकडे बोलावलंस, तूच त्याला घेऊन ये. हे मी टोचायला लिहीत नाही. त्याचं नाव तोंडातून निघालं तेव्हा क्रूस हातात धरून तू उभी राहिलीस, म्हणून दुसऱ्या कोणाच्या हातून तो यावा असं मला वाटत नाही.

इकडे आलीस की परत जाता येणार नाही, हे मला कळतं. तुझी वीस वर्षं, नोकरी, तो आळशी नवरा, सगळं पलीकडे राहील. नाही म्हणालीस तरी मी लाळ देईनच, आणि तू माझी बहीणच राहशील. पण ती काडी तोंडात घालताना मला ठाऊक असायला हवं की मी एकाची वाट बघते आहे की दोघांची.

लोभ काही तुझ्या उत्तरावर टांगलेला नाही. उत्तर मात्र २५ ऑगस्टच्या आत माझ्या हातात पाहिजे. हो की नाही, एवढंच लिही. बाकी काही नको.

तुझी ताई,
फिदेन्सिया