एर्कोलेच्या घराखालची जमीन

मी, आल्बिनो गार्लास्की, राहणार मोर्तारा, आधी फुटबॉलच्या मधल्या फळीतला खेळाडू आणि नंतर प्रशिक्षक, म्हणजे जन्मभर दुसऱ्यांच्या चुका निस्तरत धावलेला माणूस, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायलाही थोडी अक्कल लागते.

राहते घर पुतण्या रेमो याला द्यावे. तो दर रविवारी माझी तब्येत विचारायला येतो आणि भिंती ठोकून बघून जातो. छप्पर गळते, नंतर कुरकुर चालणार नाही.

माझी शिट्टी क्लबाच्या नव्या प्रशिक्षकाला. ती तोंडात असेपर्यंत तरी तो बोलणार नाही. त्याची पोरे केसांना तेल चोपडून मैदानात उतरतात आणि चेंडू डोक्यावर घ्यायला लाजतात.

आता क्लबाच्या मैदानावरच्या गोलामागच्या जमिनीबद्दल. तुरीनला प्रशिक्षक असताना साठवलेल्या पैशातून ती मी घेतली. तिच्यावरच्या घरात माझा जुना सोबती एर्कोले याची विधवा देल्फिना राहते आणि हंस पाळते. ते घर पाडून क्लबाला तिथे प्रेक्षकांसाठी सज्जा बांधायचा आहे.

एर्कोले आमचा फुलबॅक, म्हणजे बचाव फळीतला गडी. बदली खेळाडू तेव्हाही नसे, आजही नसतो. जखमी झालेल्याने कडेला जाऊन उभे राहायचे. एर्कोलेचा पाय मोडला तेव्हा आमचा कप्तान ओत्तोरिनो म्हणाला, "रडू नकोस रे, कडेला लंगडत राहा." त्याच मोडक्या पायाने एर्कोलेने गोल केला. पाय कायमचा गेला. ओत्तोरिनो क्लबाचा अध्यक्ष झाला आणि एर्कोलेला विसरला.

परवा हाच ओत्तोरिनो माझ्या उशाशी बसला होता.

"कोचसाहेब, सज्ज्याला तुमचंच नाव देऊ."

"आणि देल्फिना?"

"तिचं काय, म्हातारी बाई. राहील कुठंतरी."

देल्फिनाला विचारले, तर ती म्हणाली, "आल्बिनो, मला इथून हलवू देऊ नकोस बाबा. एर्कोले याच खिडकीत बसून मॅच बघायचा. तुम्हाला शिव्या घालायचा."

मला त्या शिव्यांची फार आठवण येते.

सबब ती जमीन, घर आणि कुंपणासह, मी देल्फिनाला कायमची देत आहे. हंसांच्या ओरडण्याने अध्यक्षांना त्रास होत असल्यास त्यांनी कानात कापूस घालावा. माझ्या शवपेटीवर क्लबाचा झेंडा टाकू नये.

म्हातारा भ्रमिष्ट होता, असे सांगत ओत्तोरिनो कोर्टात जाईल. त्याची सोय केली आहे. जमीन क्लबालाच मिळणार या खुशीत गेल्या आठवड्यात तो आपला डॉक्टर घेऊन आला. उद्या मृत्युपत्रावर कोणी शंका घेऊ नये म्हणून माझी बुद्धी पूर्ण शाबूत असल्याचा दाखला ओत्तोरिनोने डॉक्टरकडून लिहून घेतला आणि खाली साक्षीदार म्हणून स्वतः ऐटीत सही ठोकली. तो दाखला सोबत जोडला आहे.

साक्षीदार: सेवेरिनो पोल्लिनी, न्हावी
बाम्बिना झानेल्ला, सुईण

सही: आल्बिनो गार्लास्की
मोर्तारा, ९ मार्च १९५८