ताईची जागा

बाबा, परवा ताईला माती दिली. तुमच्यापासून ती फार लांब नाही. मध्ये फक्त तुम्ही बांधून घेतलेली भिंत आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की छावणीतल्या नव्या लोकांना तुम्ही कोण होतात ते सांगावं लागतं. भिंतीबद्दल मात्र कुणाला काही सांगावं लागत नाही.

शेवटच्या आजारात ताईनं एकच मागितलं होतं, 'मला आईजवळ ठेवा.' आईच्या एका अंगाला तुम्ही आहात, दुसऱ्या अंगाला कडुलिंबाखाली एका माणसापुरती जागा अजून रिकामी आहे. म्हणून मी आपल्या चर्चच्या पंचकमिटीकडं गेले. सेक्रेटरी तुमचाच विद्यार्थी. तुमच्या हातच्या छड्या खाल्लेला, आता केस पिकलेला. त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, 'आक्का, माझं काय नाय. पण मंडळीचा सभासद नाय त्याला जागा नाय, हा नियम मास्तरांनीच केलेला हाय. आता मास्तरांच्या पोरीसाठीच मोडला, तर लोक मला काय म्हणतील?' मी चहा तसाच ठेवून उठले.

मग पाळकसाहेबांकडं गेले. दर जानेवारीत सगळ्या चर्चची मिळून ऐक्याची प्रार्थना होते आता. तुमच्या वेळी असलं काही नव्हतं. आपले पाळकसाहेब आणि ताईच्या सासरच्या चर्चचे फादर स्टेजवर गळाभेट घेतात, फोटो निघतात, आम्ही सगळे टाळ्या वाजवतो. मी म्हणाले, 'साहेब, ती गळाभेट खरी असेल तर माझ्या बहिणीला साडेतीन हात जागा द्या.' माणूस वाईट नाही. मला फाटकापर्यंत सोडायला आला. मग म्हणाला, 'बाई, ते वेगळं. ती प्रार्थना आहे, ही जागा आहे.'

तुम्ही असतात तर यापेक्षा सरळ बोलला असतात, हे मला कबूल आहे. तुम्ही सरळच बोलायचात. त्या वर्षी नाताळ तोंडावर आलेला. आई स्टोव्हपुढं बसून करंज्या तळतेय, मी सारण भरतेय आणि ताई स्वयंपाकघराच्या दाराला टेकून सांगतेय, की उस्मानपुऱ्यातल्या त्या मुलाशी लग्न करणार. मुलगा दवाखान्यात एक्स-रे काढायचा. शांत, निर्व्यसनी, आपल्याच गावाकडचा. तुम्ही विचारलंत, 'कोणत्या चर्चचा?' ते तुम्हाला ठाऊक होतं. तुम्हाला ते तिच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

'कॅथलिक,' ती म्हणाली.

'म्हणजे ख्रिस्ती नाही.'

आई कधी तुमच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. त्या दिवशी ती कढईतून नजर न काढता बोलली, 'अहो, त्याची आजी आन् तुमची आई एकाच आडावर पाणी भरायच्या. आपल्या गल्लीत मिशनचा साहेब आधी आला, त्यांच्या गल्लीत फादर आला. टांगा दुसरीकडं वळला असता तर आज तुम्ही पण जपमाळ घेऊन बसला असता.' तुम्ही ताट सारून उठलात. आईचं खरं होतं, बाबा. गावानं आपल्या आज्यांना गावच्या आडाला हात लावू दिला नव्हता, म्हणून तर त्या दोघी त्या वेगळ्या आडावर जायच्या. ते सोसलेल्यांनी पुढं काय केलं, तर आपसात शिवाशीव पाळली.

लग्नाला तुम्ही गेला नाहीत, आम्हालाही जाऊ दिलं नाहीत. पण ताई पुढच्या नाताळला आपल्या चर्चमध्ये आली. आईच्या आणि माझ्या मध्ये बसली, लहानपणी बसायची तशी. प्रभुभोजनाच्या भाकरीची थाळी तेव्हा बाकाबाकांवरून तुम्ही फिरवायचात. तुम्ही आमच्या बाकापाशी आलात. मला भाकर दिलीत, ताईच्या पुढून थाळी उचलून नेलीत आणि आईपुढं धरलीत. ताईचा हात पुढं आलेला होता. आईनं तो हात धरून खाली घेतला आणि तुमच्याकडं बघून मान हलवली. नको. त्यानंतर तिनं तुमच्या हातचं प्रभुभोजन कधीच घेतलं नाही. लोकांना वाटायचं, म्हातारीचं गुडघ्याचं दुखणं वाढलंय म्हणून ती मागं बसते.

आणि आई गेल्यावर तुम्ही भिंत घातलीत. तोवर कब्रस्तान एकच होतं. त्यांचे क्रूस एकीकडं, आपले एकीकडं, मधून शेळ्या चरायच्या. तुम्ही उन्हात टोपी घालून उभे राहून बांधकामावर पाणी मारायचात. 'वळख राह्यली पायजे,' म्हणायचात. कुणाला, बाबा? पुनरुत्थानाच्या दिवशी प्रभूला?

परवा भिंतीच्या त्या बाजूला ताईची पेटी खाली सोडली. दाजींना आता काठीशिवाय उभं राहवत नाही, तरी ते कडेला उभे होते. आपल्या मंडळीतली चार-सहा माणसं आली होती, ती मागं, जरा लांब. फादरनं प्रभूची प्रार्थना सुरू केली. मीही म्हणू लागले. वाइटापासून सोडवण्याच्या ओळीवर आले आणि ते सगळे आमेन म्हणून थांबले. त्यांच्यात प्रार्थना तिथंच संपते. मला थांबता आलं नाही. राज्य, पराक्रम आणि गौरव यांची शेवटची ओळ, तुम्ही शिकवलेली, मी एकटीच म्हणत राहिले, मोठ्यानं. माणसं वळून बघू लागली. मागं उभी असलेली आपली माणसंही गप्प होती. तेव्हा माझ्याबरोबर दुसरा एक आवाज आला. दाजी. काठीवर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून, एकही शब्द न चुकता त्यांनी ती ओळ माझ्याबरोबर संपवली. नंतर म्हणाले, 'ती घरात अशीच म्हणायची. ती ओळ तिची एकटीची राहू नये म्हणून मी पण म्हणायला लागलो.'

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांना वाटलं ताईसाठी. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. दाजींचा आवाज येण्याच्या आधीच्या क्षणी, सगळे गप्प झालेले असताना, माझी बहीण खड्ड्यात असताना, मला बरं वाटलं होतं, बाबा. यांना प्रार्थना पुरी येत नाही, आपल्याला येते, असं. हे मी दाजींना सांगितलेलं नाही. ते फक्त तुम्हालाच कळेल.